डायनेमो काढून अल्टरनेटर: १९८६ च्या मॅसी १०३५ वरच्या कामाच्या नोंदी

ट्रॅक्टर आण्णांनी १९८६ साली घेतलेला. मॅसी फर्ग्युसन १०३५, सिम्प्सनचं तीन सिलिंडरचं इंजिन. इंजिनाचं काम आजवर दोनदा झालं, हायड्रॉलिक अजून तगडं आहे, पण बॅटरीच्या चार्जिंगला पहिल्यापासून तोच डायनेमो आणि तोच कटआउट, म्हणजे डायनेमोची वीज बॅटरीला जोडणारी-तोडणारी पेटी. तो डायनेमो काढून कमी फेऱ्यांतही वीज देणारा अल्टरनेटर बसवला. कामाच्या वेळी वहीत लिहून ठेवलेलं इथं उतरवतोय. ज्यांच्या दारात असाच जुना ट्रॅक्टर उभा आहे त्यांचा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून चुका आणि खर्च दोन्ही लिहिलेत. गाव माळशिरस तालुक्यातलं, सामान बहुतेक अकलूजहून आणलेलं.

२८ ऑगस्ट २०२३

पावसानं अख्खा महिना ओढ दिलीय. ऊस विहिरीच्या पाण्यावर तग धरून आहे, बाकी शिवारात काम नाही. म्हणून हे आत्ता काढलं. गाळप सुरू व्हायच्या आत संपवायचं.

कारण गेल्या हंगामातलं. जानेवारीत एका रात्री साखर कारखान्याच्या यार्डात नंबर लागायला साडेसहा तास गेले. रांग थोडी थोडी पुढं सरकते, त्यामुळं इंजिन बंद करता येत नाही. दिवे बंद करून अंधारात उभं राहावं तर मागून येणारा धडकायची भीती. इंजिन स्लोवर, दिवे चालू, आणि डायनेमो स्लोवर काहीच देत नाही. पहाटे काट्याजवळ इंजिन बंद पडलं आणि सेल्फ फिरेना. मागच्या ट्रॅक्टरनं टोचन लावून ओढलं तेव्हा चालू झाला. परत येताना बॅटरी बसलेलीच, दिवे पिवळे पडत पडत वातीएवढे झाले. मागं रिकामी ट्रॉली, तिलाही दिवा नाही. एका वळणावर मोटारसायकलवाला अगदी जवळ येईपर्यंत त्याला ट्रॉली दिसलीच नाही. तो वाचला. ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, आणि या कामाचं खरं कारण तेच आहे.

आज मीटर लावून आकडे घेतले. इंजिन बंद: १२.४ व्होल्ट. स्लोवर दिवे लावून: ११.९. म्हणजे दिव्यांचा सगळा भार बॅटरीवर. ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या वर नेला की १३.३, दिवे लावले की १२.७. डायनेमोचे कार्बन मागच्या वर्षीच नवे टाकलेत, आर्मेचर लेथवर साफ केलंय. त्यापेक्षा जास्त त्याच्याकडून निघणार नाही.

भाराचा हिशेब: पुढचे दोन हेडलाइट ६० वॅटचे, मागचा नांगराचा दिवा ५५, ट्रॉलीचे चार छोटे दिवे ५ वॅटचे. एकूण १९५ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला सव्वासोळा अँपिअर. इंडिकेटर लागले की वीसच्या आसपास. डायनेमो बिल्ल्याप्रमाणं २२ अँपिअरचा, पण तेवढे तो इंजिन पळत असतानाच देतो. यार्डात इंजिन पळत नाही.

१ सप्टेंबर

काही विकत घ्यायच्या आधी एक गोष्ट तपासली: चासीला बॅटरीची कुठली तार गेलीय. इंग्लिश वळणाच्या कित्येक जुन्या ट्रॅक्टरना पॉझिटिव्ह अर्थ असायची, म्हणजे बॅटरीची पॉझिटिव्ह तार चासीला जोडलेली. डायनेमोला तसंही चालतं, अल्टरनेटरला अजिबात नाही. अर्थ उलटी असेल तर त्याच्या आतले डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग, तिथल्या तिथं जळतात. आमच्या ट्रॅक्टरला निगेटिव्ह अर्थ निघाली.

अल्टरनेटर भंगारातून घेतला. १२ व्होल्ट, ३६ अँपिअर, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर आतच बसवलेला. दीड हजार पडले. नव्याची किंमत जवळपास तिप्पट सांगत होते. हातानं फिरवला तर खरखर आवाज, म्हणून तसाच ऑटो इलेक्ट्रिशियनकडं नेला. दोन्ही बेअरिंग, कार्बन आणि रेग्युलेटर बदलून मजुरीसकट ८५० झाले. त्यानं टेस्ट बेंचवर फिरवून १४.२ व्होल्ट दाखवले. भंगारातला माल घेत असाल तर ही पायरी सोडू नका. बसवल्यावर चार्जिंग झालं नाही तर दोष अल्टरनेटरचा की वायरिंगचा, हे शोधण्यात दोन दिवस जातात. मला पुढं नेमका याच गोष्टीचा आधार मिळाला.

५ सप्टेंबर

डायनेमो उतरवला. अर्ध्या तासाचं काम समजून सुरू केलं, पाच तास गेले.

आधी बॅटरीची अर्थ काढली. मग ताणपट्टीचा बोल्ट, बेल्ट, खालचे दोन बोल्ट. मागचा बोल्ट आला. पुढचा स्टड गंजलेला, त्याच्यावर डिझेल टाकून दहा मिनिटं थांबलो आणि पान्याला पाइप घालून जोर लावला. तो ब्रॅकेटच्या तोंडाशीच मोडला. रात्रभर डिझेल मुरू द्यायला हवं होतं, किंवा गॅसनं गरम करायला हवं होतं. मग लेथवाल्याला बोलावलं. त्यानं मोडक्या स्टडवर नट ठेवून आतून वेल्डिंग मारलं आणि गरम असतानाच फिरवून काढला. ३०० रुपये.

दुसरी चूक जास्त खोल. आमच्या डायनेमोच्या मागच्या टोकाला फेऱ्यांच्या मीटरची केबल लागते. इंजिनाचे फेरे आणि तास दोन्ही तिथूनच मिळतात. अल्टरनेटरला मागं असं टोकच नाही. म्हणजे डायनेमो गेला की मीटर गेलं. हे केबल हातात आल्यावर माझ्या लक्षात आलं.

तास गेल्याचं फार नाही. पण पीटीओचे, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टचे, मिनिटाला ५४० फेरे पडायला ॲक्सिलरेटर कुठं ठेवायचा ते आम्ही त्याच मीटरवर बघायचो. मळणीयंत्राला आणि फवारणीच्या ब्लोअरला ते लागतंच. डायनेमो उतरवायच्या आधी मीटरवर ५४० ची खूण येईपर्यंत ॲक्सिलरेटर नेऊन त्याच्या दांड्याजवळ रंगाची रेघ मारली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. तुम्ही ते आधी करा.

९ सप्टेंबर

ब्रॅकेट. हेच या सगळ्या कामातलं अवघड काम, वायरिंग त्यामानानं काहीच नाही.

अडचण अशी. डायनेमो लांब नळकांड्यासारखा, त्याला खालच्या अंगाला पुढं एक आणि मागं एक असे दोन कान, त्यांच्यात वीतभर अंतर. अल्टरनेटर बुटका आणि जाडा, त्याचे दोन्ही कान जवळजवळ, मध्ये जेमतेम ६० मिमी. इंजिनावरच्या जुन्या ब्रॅकेटमध्ये तो सरळ बसतच नाही.

मी सोपा मार्ग धरला. ५ मिमी जाडीची पट्टी काटकोनात वाकवली, ती फक्त पुढच्या कानाला बोल्टनं आवळली आणि तिच्यावर अल्टरनेटर लटकवला. अल्टरनेटर डायनेमोपेक्षा हलका आहे, मग पातळ पट्टी पुरेल, असा माझा हिशेब. गावातल्या वेल्डिंगवाल्या मामांनी पट्टी हातात घेऊन वाकवून बघितली. म्हणाले, "वजनाचं सोड, ह्ये इंजिन हादरं किती देतंय त्ये बघ. मागनं बी आधार घे." मी ऐकलं नाही. ४०० रुपये.

१० सप्टेंबर

अल्टरनेटरची पुली गाडीची, तिची खाच अरुंद. ट्रॅक्टरचा बेल्ट ए सेक्शनचा, १३ मिमी रुंद. तो खाचेत उतरतच नव्हता, वरच्या वर तरंगत होता. म्हणून डायनेमोचीच पुली वापरायची ठरवलं. तिचं भोक मोठं, शाफ्ट बारीक. लेथवर बुश करून घेतला, २०० रुपये. पुली छान बसली, बेल्टही नीट उतरला. तेव्हा मी खूश होतो.

१२ सप्टेंबर

वायरिंग. आमच्या कटआउटवर पाच स्क्रू: ए, ए१, एफ, डी, ई. मी पाचही तारा काढल्या, पेटी खोलून बाजूला ठेवली, अल्टरनेटरची जाड तार जोडली आणि स्विच मारला. एकही दिवा लागेना. फ्यूज बघितला, स्विच बघितला, अर्थ घासली. दीड तास गेला. मग पेटी उघडून आतलं गुंडाळं बघितलं तेव्हा उमगलं. ए वर बॅटरीकडून वीज येते आणि ए१ वरून दिव्यांकडं जाते. दोघांची गाठ पेटीच्या आतच आहे. पेटी काढली की ती गाठ तुटते. म्हणून ए आणि ए१ च्या तारा एका बोल्टवर एकत्र आवळून वर स्लीव्ह चढवायची. ई आणि एफ चं काम संपलं. डी वर दोन तारा असतात: जाड तार डायनेमोची, ती काढून टाकायची. बारीक तार डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या दिव्याची, ती अल्टरनेटरच्या आयएनडी लिहिलेल्या टोकाला न्यायची.

जाड तारेबद्दल. जुनी तार अडीच चौरस मिमीची, ती अँमीटरमधून फिरून बॅटरीला जाते. अँमीटर तीसपर्यंतचा. ३६ अँपिअरचा अल्टरनेटर थकलेल्या बॅटरीला पहिल्या पाच मिनिटांत जो करंट देईल, तो त्या तारेला आणि त्या मीटरला झेपणारा नाही. म्हणून नवी १० चौरस मिमीची तांब्याची तार अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टपासून थेट सेल्फच्या सोलेनॉइडपर्यंत (सेल्फला वीज जोडणारा स्विच) नेली, बॅटरीची तार लागते त्याच बोल्टवर. मध्ये ५० अँपिअरचा फ्यूज, बॅटरीच्या जवळ. अँमीटर काढला आणि त्याच्या जागी व्होल्टमीटर बसवला. चार्जिंग होतंय की नाही ते व्होल्टमीटर जास्त स्पष्ट सांगतो.

तारेच्या टोकांचे लग पकडीनं चेपून वर सोल्डरचा डाग मारला. आधी नुसते चेपले होते, ते हातानं ओढल्यावर निघून आले.

१३ सप्टेंबर

इंजिन चालू केलं. चार्जिंग नाही. व्होल्टमीटर १२.३ वर, ॲक्सिलरेटर दिला तरी तिथंच. एकदा अगदी फुल्ल रेसवर नेला तेव्हा काटा एकदम १४ वर उडाला आणि इंजिन बंद करेपर्यंत तिथंच राहिला. पुन्हा चालू केलं, पुन्हा १२.३.

फोनवर दोघांनी सांगितलं, रेग्युलेटर गेलाय. पण तो नवाच होता आणि माझ्या डोळ्यांदेखत बेंचवर चालला होता. म्हणून अल्टरनेटरला हात न लावता वायरिंगमध्ये शोध घेतला.

दोष चार्जिंगच्या दिव्यात होता. जुना होल्डर तुटका म्हणून मी तिथं नवा एलईडी दिवा बसवला होता, सुबक दिसतो म्हणून. अल्टरनेटरला जागं व्हायला सुरुवातीला थोडा करंट बाहेरून लागतो आणि तो या दिव्यातूनच जातो. साध्या तारेच्या बल्बमधून तो पुरेसा जातो, एलईडी तो जाऊ देत नाही. फुल्ल रेसवर जे चार्जिंग सुरू झालं ते लोखंडात उरलेल्या थोड्याशा चुंबकत्वावर. खात्रीसाठी ३ वॅटचा बल्ब हातानंच एलईडीच्या दोन्ही तारांना टेकवला. थोडा ॲक्सिलरेटर दिल्याबरोबर बल्ब विझला आणि काटा १४.१ वर गेला.

जुन्या पद्धतीचा होल्डर आणि बल्ब, चाळीस रुपये. हा दिवा आता शोभेचा नाही, तो उडाला तर चार्जिंगही जाईल. म्हणून सीटखालच्या पेटीत त्याचा एक जादा बल्ब ठेवलाय. दिव्याला वीज स्विचच्या पुढून घ्या. बॅटरीवरून थेट घेतली तर ट्रॅक्टर उभा असतानाही तो जळत राहतो आणि बॅटरी हळूहळू उतरते.

१५ सप्टेंबर

काल पोळा. आमच्या दावणीला आता बैल नाहीत. पोरांनी मातीच्या बैलांची पूजा केली, ट्रॅक्टरला हात लावला नाही.

आज दिवे लावून स्लोवर बघितलं. १२.० व्होल्ट. चार्जिंगचा दिवा मंद पेटलेला. म्हणजे जे दुखणं काढायला निघालो तेच परत. थोडा ॲक्सिलरेटर दिला की १४, सोडला की १२. मी खूप हिरमुसलो, हे खरं.

मग पुल्या मोजल्या. क्रँकची १५० मिमी, डायनेमोची जुनी ९५. स्लोवर इंजिनाचे फेरे साधारण ६५०. म्हणजे अल्टरनेटरचे १,०२६. एवढ्या कमी फेऱ्यांत तो कामाचं काही देत नाही. ट्रॅक्टरच्या दुकानातून ए सेक्शनचीच ६८ मिमीची पुली आणली, भोक जुळणारं, ३५० रुपये. आता ६५० ला १,४३४ फेरे, आणि २,००० ला ४,४००, जे त्याला सहज झेपतात. बुशचे २०० रुपये वाया. पुली विकत घ्यायच्या आधी हा भागाकार करा: क्रँकच्या पुलीचा व्यास भागिले अल्टरनेटरच्या पुलीचा व्यास, गुणिले स्लोचे फेरे. चौदाशेच्या खाली येत असेल तर पुली बदला.

स्लोवर, सगळे दिवे लावून: १३.४.

१७ सप्टेंबर

दोन दिवसांत चार तास चालवला. बेल्ट ओरडायला लागला, आणि रेडिएटरच्या मागच्या अंगाला काळी भुकटी. आण्णा ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "बेल्ट वाकडा चाललाय. आवाजावरनं कळतंय." हॅक्सॉची पाती क्रँकच्या आणि पंपाच्या पुलीला टेकवून अल्टरनेटरपर्यंत नेली. अल्टरनेटरची पुली ४ मिमी मागं. बेल्टची एक कड पार खाल्लेली. तो २८० चा बेल्ट टाकून दिला. लहान पुलीमुळं बेल्ट आधीपेक्षा आखूडही हवा होता, ताणपट्टी शेवटच्या टोकाला गेली होती.

वॉशर घालून जुळवायचा प्रयत्न केला, पण चार वॉशर एकावर एक घातले की बोल्ट आवळताना ते सरकतात. लेथवर एकसंध ४ मिमीचा बुश करून घेतला. नवा आखूड बेल्ट ३१०. लांब बोल्ट, बुश आणि लांब ताणपट्टी मिळून लेथवाल्याचे ४५० झाले.

ताण: सगळ्यात लांब पल्ल्याच्या मध्यावर अंगठ्यानं दाबलं की बोटभर, म्हणजे १२ मिमीच्या आसपास, खाली जायला हवा. ओरडतो म्हणून बेल्ट कचकन ताणला तर आधी पाण्याच्या पंपाचं बेअरिंग जातं, आणि ते बेल्टपेक्षा कितीतरी महाग आहे.

२२ सप्टेंबर

ब्रॅकेट तुटला. बसवल्यापासून अकरा तास चालल्यावर. रोटाव्हेटर चालू असताना खाडकन आवाज आला, चार्जिंगचा दिवा लागला आणि अल्टरनेटर बेल्टवर लोंबकळायला लागला. पंखा आणि त्याच्यात दोन बोटांचं अंतर उरलं होतं. मी लगेच इंजिन बंद केलं. पंख्यात गेला असता तर रेडिएटरही गेला असता.

पट्टी बरोबर वळणावर तुटली होती. तुटलेल्या जागी अर्धा भाग जुना, काळपट, आणि अर्धा ताजा, चकचकीत. म्हणजे भेग आधीच पडली होती आणि हळूहळू वाढत होती. वजन हा प्रश्नच नव्हता. एका बाजूनं धरलेली पट्टी तीन सिलिंडरच्या हादऱ्यांत मिनिटाला हजारो वेळा लवते, आणि लवून लवून वळणावर दमते. मामांनी हेच सांगितलं होतं. संध्याकाळी त्यांच्याकडं जाऊन तसं म्हटलं. त्यांनी काही न बोलता पेन्सिल काढली.

२६ सप्टेंबर

मामांनी केलेला ब्रॅकेट, पुढं कोणी करणार असेल त्याच्यासाठी सविस्तर.

तळाला १० मिमी जाडीची, म्हणजे तीन सुताची, प्लेट. ती डायनेमोच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही जुन्या भोकांत बोल्टनं बसते. म्हणजे अल्टरनेटर जरी पुढच्या अंगाला असला तरी भार दोन्हीकडं वाटला जातो. प्लेटवर १० मिमीचेच दोन उभे कान, अल्टरनेटरच्या कानांच्या बाहेरून घट्ट बसतील एवढ्या अंतरावर. प्रत्येक कानाच्या मागं त्रिकोणी आधार. वाकवलेलं कुठंही काही नाही, सगळं तुकडे जोडून.

महत्त्वाचं म्हणजे त्यांनी कान आधी पक्के जोडलेच नाहीत. प्लेट इंजिनावर आवळली, अल्टरनेटर दोन्ही कानांत बोल्टनं अडकवला, बेल्ट चढवला, पाती लावून पुली ओळीत आणली आणि जागेवरच कानांना चार टाके मारले. मग सगळं उतरवून खाली पक्कं वेल्डिंग केलं. टाके मारायच्या आधी बॅटरीच्या दोन्ही तारा आणि अल्टरनेटरच्या सगळ्या तारा काढल्या. वेल्डिंगचा करंट डायोडमधून गेला तर ते जळतात.

पक्कं वेल्डिंग झाल्यावर गरमीनं कान एक मिमीभर ओढले गेले. ते कानशीनं घासून जुळवलं. ९०० रुपये झाले, त्यात मामांची मजुरी त्यांनी निम्मीच लावली होती. सगळ्या बोल्टना स्प्रिंग वॉशर.

४ ऑक्टोबर

आजची चूक पूर्ण माझी. बॅटरी बाहेर चार्ज करून आणली. ८८ अँपिअर-तासाची, खुणा पुसलेल्या. दिवस मावळलेला, विजेरी न घेता अंदाजानं तारा लावल्या. तारा सैल झाल्यात म्हणून टोकं ठोकून बसवली, आणि तोच ठिणगी उडून जळका वास आला. उलट्या लावल्या होत्या. पॉझिटिव्हचं टोक जाड असतं आणि निगेटिव्हचं बारीक, तार न ठोकता बसत नाही तेव्हाच थांबायला हवं होतं.

फ्यूज उडाला, त्यामुळं तार वाचली. पण फ्यूज उडेपर्यंत डायोड गेलेच. डायोडची प्लेट बदलून ६५० रुपये आणि दोन दिवस. आता पॉझिटिव्हच्या टोकाला आणि तारेच्या क्लँपला लाल ऑइलपेंट लावलाय.

२३ ऑक्टोबर

खंडेनवमी. सकाळी ट्रॅक्टर धुऊन पूजा केली. त्याआधी काल राहिलेलं मीटरचं काम पुरं केलं.

तासांसाठी विजेवर चालणारं छोटं मीटर ४८० ला आणलं. ते स्विचवर न जोडता आयएनडीच्या टोकाला आणि अर्थला जोडलं. त्या टोकाला पूर्ण १२ व्होल्टच्या वर वीज फक्त अल्टरनेटर चालत असतानाच येते, त्यामुळं मीटर इंजिनाचेच तास मोजतं. स्विच चालू राहिला तरी खोटे तास चढत नाहीत.

५४० ची खूण मात्र बाहेरून शोधावी लागली. ओळखीच्या मेकॅनिककडून हातात धरायचं फेरे मोजायचं यंत्र एका दुपारपुरतं आणलं, पीटीओच्या शाफ्टला चमकपट्टी चिकटवली आणि बरोबर ५४० आल्यावर ॲक्सिलरेटरच्या दांड्याजवळ पांढरी रेघ मारली. आण्णांनी जागा बघून सांगितलं की मीटरवर बघत होतो तेव्हाही दांडा इथंच यायचा.

७ नोव्हेंबर

काल पहिली खेप. फडातून ट्रॉली भरून निघायला साडेसात वाजले, यार्डात पावणेनऊ. नंबर लागला पहाटे सव्वातीनला. साडेसहा तास, योगायोगानं जानेवारीतल्या त्या रात्रीएवढेच.

दर तासाला व्होल्टमीटर बघून पाकिटावर लिहिलं: ९ वाजता १३.५, मध्यरात्री १३.४, तीनला १३.४. रांगेत पुढचे मोठे दिवे लावायची गरज नव्हती, तरी मुद्दाम एक तास सगळे चालू ठेवले. १३.२ च्या खाली काटा आला नाही. चार्जिंगचा दिवा एकदाही लागला नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवायची: इंजिन नव्यानं चालू केल्यावर एकदा ॲक्सिलरेटर द्यावा लागतो, तेव्हा अल्टरनेटर जागा होतो. त्यानंतर स्लोवर सोडला तरी चालतो.

गव्हाणीजवळ, म्हणजे ऊस खाली करतात तिथं, मुद्दाम इंजिन बंद केलं आणि सेल्फ मारला. पहिल्या फेरीत उचललं.

ट्रॉलीचे मागचे दिवे, चारही, परत घरी येईपर्यंत लखलखीत होते. दोन्ही कडांना लाल रिफ्लेक्टरच्या पट्ट्याही लावल्यात. ऊस बाहेर लोंबतो तेव्हा ट्रॉलीचे दिवे पाचटानं झाकले जातात, म्हणून एक जोडी दिवे लांब तारेवर घेऊन उसाच्या वरून मागं टांगली. हे प्रत्येक खेपेला करायचं ठरवलंय.

२० नोव्हेंबर

दिवाळीत दोन दिवस सुट्टी, बाकी रोज खेप. आजपर्यंत नव्या मीटरवर ९४ तास. बेल्ट एकदा ताणला, वीस तासांनंतर. नवा बेल्ट सुरुवातीला थोडा सैल पडतोच. ब्रॅकेटचे वेल्डिंग घासून, रॉकेलनं पुसून बघितले, कुठं भेग नाही. मागच्या बोल्टचा नट अर्धा फेरा सैल सापडला, तिथं दुहेरी नट टाकला.

खर्च एकूण ७,७०० रुपये. मोडका स्टड, पहिला ब्रॅकेट, वाया गेलेला बुश, खाल्लेला बेल्ट आणि जळालेली डायोड प्लेट हे माझ्या चुकांचे १,८३० रुपये. ते वजा केले तर ५,८७०. वायर, लग, स्लीव्ह, फ्यूज, होल्डर मिळून ७८० आणि व्होल्टमीटर २५० त्यातच आले. वेळ तुकड्यातुकड्यानं पंचेचाळीस तासांच्या वर. यातला निम्म्याहून जास्त ब्रॅकेट आणि पुली जुळवण्यात गेला.

जुना डायनेमो आणि कटआउट तेल लावून पोत्यात बांधून ठेवलेत, आण्णांनी भंगारात द्यायला नको म्हटलंय. मामांच्या ब्रॅकेटची मापं पुठ्ठ्यावर कापून ठेवली आहेत. परवा शेजारच्या वस्तीवरचे काका तोच पुठ्ठा मागायला आले, त्यांचाही डायनेमोवालाच ट्रॅक्टर आहे. त्यांना पुठ्ठा दिला आणि सांगितलं, आधी ५४० ची रेघ मारा, मग पाना हातात घ्या.